काँग्रेस गवतावर आलेला आळ : चेहऱ्यावरील संपर्कजन्य ॲलर्जीचे एक प्रकरण

तक्रार

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक गृहिणी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बेळगावात त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही पापण्या सुजून डोळे जेमतेम उघडत होते. गाल, हनुवटीखालचा भाग, कानांमागची घडी आणि मानेच्या दोन्ही बाजू लाल व खरबरीत झाल्या होत्या, त्यांवरून बारीक कोंडा सुटत होता आणि उजव्या हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटे टोकांशी भेगाळलेली होती. सोबत आलेल्या मुलीकडे गावच्या दवाखान्यातली चिठ्ठी होती. तीत निदानाच्या जागी ‘पार्थेनियम डर्मटायटिस’, म्हणजे काँग्रेस गवताने होणारा त्वचेचा दाह, असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते.

त्रास एकदम आला नव्हता. मे महिन्यात बोटांना भेगा पडू लागल्या, तेव्हा भांडी घासून हात खराब झाले असे समजून त्यांनी खोबरेल तेलावर भागवले. आषाढात पापण्यांना खाज सुटली आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगल्यासारखे वाटू लागले. श्रावणाच्या उत्तरार्धात मात्र दोन दिवसांत सगळा चेहरा भडकला. मधल्या काळात औषधाच्या दुकानातून एक मलम आणले गेले, त्यात बीटामेथासोन हे स्टेरॉइड, निओमायसिन हे प्रतिजैविक आणि बुरशीवरचे एक औषध अशी मिसळ होती. लावले की चार दिवस उतार पडे आणि थांबवले की त्रास दुपटीने उसळे. अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली त्यांतल्या अनेकांची सवलत काढून घेतली आहे, तरी दुकानाच्या फळीवरून ती सहज हाती पडतात, हे या भागात काम करणाऱ्या कोणालाही नवे नाही.

याखेरीज शहरातल्या एका प्रयोगशाळेत ॲलर्जीची रक्ततपासणी झाली होती. तिच्या लांबलचक अहवालावरून वांगी, शेंगदाणे आणि दही बंद करण्यात आले होते. शेंगाचटणीवाचून जेवण गोड न लागणाऱ्या घरात हा मोठाच वनवास होता, आणि तो निष्कारण होता. ती तपासणी आयजीई नावाच्या प्रतिपिंडांचे मोजमाप करते. अंगावर गांधी उठणे, शिंका किंवा दमा यांसारख्या तात्काळ उमटणाऱ्या ॲलर्जीशी त्यांचा संबंध असतो. त्वचेला लागलेल्या पदार्थाची ॲलर्जी टी-पेशी या संरक्षक पेशींमार्फत होते आणि ती रक्तातल्या आयजीईवरून ओळखता येत नाही. अहवाल बाजूला ठेवून पहिल्याच दिवशी आम्ही त्यांचे जेवण पूर्ववत केले.

गवतावर संशय का गेला

गावच्या डॉक्टरांचा कयास निराधार नव्हता. पार्थेनियम, म्हणजे आपल्याकडचे काँग्रेस गवत किंवा गाजर गवत, १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. आज खानापूरच्या रानवाटांपासून निपाणी-चिकोडीच्या बांधांपर्यंत पावसाळ्यात ते कमरेइतके वाढते. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या पानांच्या व त्यांवरील बारीक लवेच्या भुकटीबरोबर हवेतून उडते आणि उघड्या अंगावर बसते. त्यामुळे होणारा दाह पापण्या, मान, कानांमागची जागा आणि हनुवटीखालचा भाग असाच पकडतो. ही जागांची साखळी महत्त्वाची असते. केवळ उन्हाने होणाऱ्या विकारात हनुवटीखालची आणि कानांमागची सावलीतली त्वचा बहुधा सुटते. हवेतून येणारा पदार्थ मात्र सावली ओळखत नाही. या रुग्णाच्या दोन्ही जागा धरलेल्या होत्या, हंगाम पावसाळ्याचा होता, घर शेतकऱ्याचे होते. पार्थेनियम म्हणून उपचार सुरू केले असते तरी कोणी चूक काढली नसती.

खटकत होत्या त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे बोटे. हवेतल्या भुकटीने अंगठा आणि दोनच बोटे, तीही फक्त उजव्या हाताची आणि फक्त टोकांशी, का भेगाळावीत याचे उत्तर गवताकडे नव्हते. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, आणि तीही आम्ही विचारले म्हणून; एरवी ती सांगण्याजोगी आहे असे त्यांना वाटले नव्हते. “रानात गेलं की बरं वाटतंय बघा, डॉक्टर. घरात आलं की डोळं चुरचुरत्यात.” आठवडाभर त्या एका कार्यासाठी चंदगडला माहेरी राहिल्या होत्या, तेव्हा पापण्या जवळजवळ उतरल्या होत्या; परत येऊन एक रात्र घरात झोपल्या आणि सकाळी डोळे पुन्हा मिटले. चंदगडच्या बांधांवर काँग्रेस गवत कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. जे काही होते ते घरात होते.

पिशवीतल्या वस्तू

अशा रुग्णांना आम्ही एक काम देतो: अंगाला, केसांना, कपड्यांना आणि हाताला लागणारी प्रत्येक वस्तू मूळ वेष्टनासकट पिशवीत भरून आणायची. रुग्ण नेमके ‘औषध’ आणि ‘क्रीम’ आणतात आणि ज्यांना ते प्रसाधन मानतच नाहीत त्या वस्तू घरी राहतात, म्हणून मुलीला बजावून सांगितले की मोरीतले आणि देवघरातलेही सगळे आणा. दुसऱ्या खेपेला टेबलावर मांडलेली पथारी अशी होती: केशर-चंदनाची एक चेहऱ्याची क्रीम, अर्धी संपलेली आणि वर्षभर उघडी, शाम्पूच्या पुड्यांची माळ, केस काळे करण्याची पूड, खोबरेल तेलाचा डबा, टाचांच्या भेगांचे मलम, भांड्यांचे लिक्विड, कुंकवाची डबी, सौंदत्तीहून आणलेला यल्लम्मादेवीचा भंडारा, टिकल्यांचे पाकीट, आणि सर्वांत खाली, मुलीच्या पर्समधून निघालेले लहान बाळासाठीच्या ओल्या पुसण्यांचे, म्हणजे वेट वाइप्सचे पाकीट.

यातली प्रत्येक वस्तू एखाद्या ठाऊक ॲलर्जीकारक घटकाचे घर असू शकते, म्हणून त्यांकडे क्रमाने पाहणे भाग होते. केसांच्या कलपात पॅराफिनिलीनडायअमीन असते. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा तेच असते, आणि त्याची प्रतिक्रिया तीव्र असते. पण ती केसांच्या कडेने, कपाळाच्या वरच्या रेघेत आणि कानांच्या पाळ्यांवर उमटते. येथे कपाळ सर्वांत स्वच्छ होते. टिकलीच्या गोंदातले पॅराटर्शरीब्यूटिलफिनॉल टिकलीच्याच आकाराचा चट्टा किंवा पांढरा डाग देते. तसा तो नव्हता. हलक्या प्रतीच्या कुंकवातील रंगांनी कपाळ काळवंडते, तेही झालेले नव्हते. टाचांच्या मलमात लॅनोलिन, म्हणजे लोकरीतून काढलेले मेण होते. तेही जुने ठाऊक ॲलर्जीकारक आहे, पण बाईंच्या टाचांना काहीच झालेले नव्हते, आणि जेथे पदार्थ रोज चोळला जातो तीच जागा निरोगी असेल तर तो पदार्थ संशयितांच्या यादीत खाली जातो.

क्रीमच्या वेष्टनावर ‘परफ्यूम’ असा एकच शब्द आणि त्याच्या पुढे लिनालूल व लिमोनीन ही नावे होती. सुगंध हा सौंदर्यप्रसाधनांतल्या संपर्कजन्य ॲलर्जीचा सर्वांत नेहमीचा कारक गट आहे, आणि ‘परफ्यूम’ या एका शब्दाखाली डझनांनी रसायने बसू शकतात. लिनालूल लव्हेंडरात असते आणि लिमोनीन लिंबाच्या सालीत. ताज्या अवस्थेत ही दोन्ही द्रव्ये बरीच सौम्य असतात, पण हवेशी संयोग झाला की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि तीच त्वचेला खुपतात. वर्षभर उघडी राहिलेली बरणी ही त्या दृष्टीने नव्या बरणीपेक्षा वेगळी वस्तू असते. नैसर्गिक म्हणून निर्धोक असा हिशेब येथे लागू पडत नाही. टी ट्री ऑइल आणि मधमाश्यांचे प्रोपोलिस ही दोन्ही निखळ नैसर्गिक द्रव्ये ॲलर्जीच्या यादीत ठळकपणे आहेत.

राहिले ते शाम्पू, लिक्विड आणि बाळाची पुसणी. तिन्ही पाण्यात बनवलेले पदार्थ, आणि पाणी आले की जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे परिरक्षक, घालावाच लागतो. पुसण्यांच्या पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘पॅराबेन-मुक्त’, ‘बाळाच्या कोमल त्वचेसाठी’ आणि ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ असे छापले होते. मागच्या बाजूला, चिकटपट्टीच्या दुमडीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. मोबाईलने फोटो काढून मोठा केल्यावर ती वाचता आली आणि तिच्या शेवटून दुसरे नाव मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे होते. यापुढे त्याला एमआय म्हणू. शाम्पूच्या पुडीवर त्याच आयसोथायाझोलिनोन गटातला भाऊबंद मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन हाही जोडीला होता.

शेवटून दुसरे म्हणजे नगण्य, असे मुलीला वाटले आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापतात आणि त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने मागे येतात. परिरक्षक नेहमी या शेपटातच असतो, कारण त्याचे काम टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यात होते. दुर्दैवाने संवेदनशील झालेल्या त्वचेला तेवढेही पुरते.

मग बाळाच्या पुसण्या आजीच्या बोटांपर्यंत कशा आल्या? मुलगी मार्चमध्ये बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि पुण्याहून येताना पाकिटांचा खोका घेऊन आली होती. बाळाचे शी-शू काढणे आजीकडे. दिवसातून अनेकदा अंगठा व दोन बोटांच्या चिमटीत धरून पुसणी ओढायची, बाळ पुसायचे आणि हात धुवायला मोरीपर्यंत जायचा कंटाळा म्हणून दुसरी पुसणी काढून हात आणि घामेजलेले तोंडही पुसून घ्यायचे. बोटांच्या भेगांचा नकाशा त्या चिमटीशी तंतोतंत जुळत होता. बाळाला काहीच झाले नाही, हा प्रश्न घरात वारंवार निघाला. ॲलर्जी प्रत्येकाला होत नाही, आणि बाळाची पुसलेली जागा लगेच कोरडी केली जात होती, एवढेच त्याचे उत्तर देता आले.

पॅच टेस्ट

संशय कितीही भक्कम असला तरी त्यावर आयुष्यभराचे पथ्य सांगता येत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट करावी लागते. ब्रेस्लाउचे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडलेली ही पद्धत गाभ्यात आजही तशीच आहे. संशयित द्रव्ये ठरलेल्या प्रमाणात, बहुतेक पेट्रोलॅटममध्ये, म्हणजे व्हॅसलिनमध्ये, व काही पाण्यात मिसळून, ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्यांत भरतात, त्या पाठीच्या वरच्या भागावर चिकटपट्टीने बसवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा पाहतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा पाहतात. धातू, निओमायसिन आणि स्टेरॉइडे यांची प्रतिक्रिया उशिरा येत असल्याने सातव्या दिवशीही एक फेरी मारावी लागते.

अडचण निघाली ती पंचांगाची. पट्ट्या असताना पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. आणि पुढच्याच आठवड्यात गौरी येणार होत्या. गौरीच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ न करता पूजेला बसणे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते, आणि तो आग्रह मोडावा असे आम्हालाही वाटले नाही. शिवाय पाठीवर स्टेरॉइड लावलेले नसले तरी गावात दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या. त्यांचा अंमल असताना चाचणी केली तर खरी ॲलर्जीही दबून राहते. म्हणून अनंत चतुर्दशी उलटेपर्यंत थांबायचे ठरले. खाज शमवण्याच्या साध्या ॲलर्जीच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या, कारण या प्रकारच्या प्रतिक्रियेवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. तेवढ्या अवधीत मलमांची मिसळ बंद, पापण्यांवर टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाचे मलम, इतरत्र नुसती व्हॅसलिन, आणि पुसण्या पूर्ण बंद.

भारतीय प्रमाण मालिका लावली; तिचा एक विशेष म्हणजे तीत निकेल, क्रोमेट, निओमायसिन, क्लोरोक्रेसॉल, पॅराबेन, सुगंध-मिश्रण, लोकरीची (लॅनोलिनमधली) अल्कोहोले यांच्या जोडीला पार्थेनियमही असते, जे युरोपच्या मूळ मालिकेत नसते. त्याखेरीज एमआयचे पाण्यातले ०.२ टक्क्यांचे द्रावण स्वतंत्र लावले. ते स्वतंत्र लावण्याला कारण आहे. दोन आयसोथायाझोलिनोनांचे जे जुने मिश्रण चाचणीसाठी वापरतात त्यात एमआयचा वाटा एक चतुर्थांशच असतो, आणि केवळ त्या मिश्रणावर विसंबले तर निव्वळ एमआयची ॲलर्जी असलेले काही रुग्ण निसटतात. कुंकू, भंडारा आणि क्रीम ही त्यांची स्वतःची वस्तू जशीच्या तशी लावली. शाम्पू आणि लिक्विड तसे लावले नाहीत, कारण फेसाळणारे पदार्थ न विरवता बांधून ठेवले तर कोणाचीही त्वचा जळते आणि ती ॲलर्जी आहे असा भास होतो.

४८ तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा भंडाऱ्याच्या जागी हळदीचा पिवळाधमक गोल उमटला होता आणि त्याखाली लाली आहे की नाही हे पाहायला तिरका उजेड घ्यावा लागला; बोट फिरवले तर त्वचा सपाट होती. एमआयची जागा बोटाला लगेच लागली: उचललेली, घट्ट, मध्ये बारीक पुळ्या. ९६ तासांनी ती आणखी स्पष्ट झाली आणि प्रतिक्रियेच्या तीव्रतेची खूण म्हणून तिला दोन अधिक चिन्हे दिली. सुगंध-मिश्रणाला एक अधिक आणि निकेलला दोन अधिक मिळाली. पार्थेनियम, कलप, पॅराबेन, लोकरीची अल्कोहोले, निओमायसिन, कुंकू, भंडारा हे सारे ऋण. सातव्या दिवशीही त्यात बदल झाला नाही.

निकालाचा अर्थ

अधिक चिन्ह म्हणजे दोषी असा सरळ निवाडा पॅच टेस्टमध्ये करता येत नाही. त्या पदार्थाचा आजच्या आजाराशी संबंध लावून दाखवावा लागतो, आणि माझ्या मते चाचणीतला हाच भाग सर्वांत जास्त हयगयीने होतो. निकेलचेच पाहा. बाईंना लग्नाआधी खोट्या कानातल्यांनी पाळ्या पिकायच्या, म्हणून त्या सोन्याखेरीज काही घालत नव्हत्या. ती ॲलर्जी खरी होती, जुनी होती आणि सुजलेल्या पापण्यांशी तिचा काही संबंध नव्हता. ती कागदावर नोंदवली आणि पुढे गेलो.

सुगंध-मिश्रणाचे एक अधिक हे संदिग्ध होते. तेव्हा केशर-चंदनाची क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेवर, रोज दोनदा लावून पाहायला सांगितली. पाठीवरच्या चाचणीत ही क्रीम ऋण निघाली होती, कारण वस्तूत सुगंधाचे प्रमाण मिश्रणाहून फार कमी असते. रोजच्या वापराची नक्कल केल्यावर मात्र पाचव्या दिवशी तिथे खाज आणि पुरळ आले. म्हणजे क्रीमही वाटेकरी होती, पण धाकटी.

मुख्य दोष एमआयकडे जात होता, तरी एक धागा सुटाच होता. पुसण्यांचे प्रमाण मार्चपासून सारखेच असताना श्रावणात अकस्मात सगळा चेहरा का भडकला, आणि घरात झोपल्याने का? त्याचे उत्तर मुलीने अगदी सहज दिले. गणपतीसाठी सोपा आणि माजघर रंगवले होते. नेहमीप्रमाणे चुना न लावता या वेळी मुलाच्या हट्टाने बादलीतला तयार पाण्याचा रंग आणला होता. असे पाण्यातले इमल्शन रंग टिकावेत म्हणून त्यांत आयसोथायाझोलिनोने घालतात, आणि भिंत हाताला कोरडी लागली तरी एमआय काही आठवडे हवेत सुटत राहते. आधीच संवेदनशील झालेल्या माणसाच्या पापण्या व मान त्या हवेने सुजतात, हे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदले गेले आहे. रंगाच्या बादलीवर परिरक्षकाचे नाव नव्हते, त्यामुळे ही कडी मी कागदावर ‘बहुधा’ या शब्दासह लिहिली; पण चंदगडचा उतार, घरातली पहिली रात्र आणि हवेतून येणाऱ्या पदार्थाचीच जागांची साखळी या तिन्हींची संगती दुसऱ्या कशाने लागत नव्हती. काँग्रेस गवताने जे करावे ते नव्या रंगाने केले होते.

आता कालक्रमही जुळला. संपर्कजन्य ॲलर्जीत शरीराला तो पदार्थ ‘शिकायला’ किमान दहा-बारा दिवस, पुष्कळदा महिने किंवा वर्षे लागतात, आणि शिकून झाल्यावर प्रत्येक नव्या संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी दाह उमटतो. मार्च ते मे या काळात त्वचा पुसण्यांवर शिकली, मे-जूनमध्ये बोटे व पापण्या बोलू लागल्या, शाम्पूच्या फेसाने त्यात भर घातली आणि श्रावणात रंगाने कळस केला. प्रतिक्रिया अशी उशिरा येत असल्यामुळेच रुग्ण काल लावलेल्या वस्तूऐवजी आज सकाळच्या वस्तूला दोष देतात. या घरात तो दोष आधी हळदीवर, मग वांग्यावर आणि शेवटी गवतावर गेला.

‘पॅराबेन-मुक्त’ या शब्दाबद्दल थोडे सांगणे येथे अवश्य आहे. पॅराबेनांबद्दल लोकांत भीती पसरली तेव्हा उत्पादकांनी ती काढली, पण परिरक्षक तर हवाच होता. १९८० च्या सुमारास आलेले दोन आयसोथायाझोलिनोनांचे मिश्रण ॲलर्जी करते हे ठाऊक झाल्यावर त्यातला सौम्य मानलेला एमआय वेगळा काढून, युरोपात २००५ पासून, दहा लाखांत शंभर भाग या प्रमाणात वापरायला मुभा मिळाली. मिश्रणातल्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त होते, आणि काही वर्षांतच तेथील त्वचारोग विभागांत ॲलर्जीची लाट आली. अमेरिकेच्या संपर्क-त्वचादाह संस्थेने २०१३ साली एमआयला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत, पुसण्यांसह, त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकायच्या पदार्थांत २०१८ पासून मर्यादा पंधरा भागांवर आणली. याच अमेरिकी संस्थेने २०१९ साली पॅराबेनांना ‘वर्षाचा बिगर-ॲलर्जीकारक’ म्हटले, कारण वापर इतका व्यापक असूनही त्यांची ॲलर्जी विरळा आढळते. पाकिटाच्या पुढच्या बाजूची बढाई आणि मागच्या बाजूचे शेवटून दुसरे नाव यांचे नाते असे आहे, आणि या एका पाकिटावर ते इतके उघड होते की शिकाऊ डॉक्टरांना दाखवण्यासाठी मी ते मागून घेतले.

पथ्य आणि पुढची हकिकत

इंग्रजी यादी न वाचणाऱ्या माणसाला लांबलचक रासायनिक नावे पाठ करायला सांगणे म्हणजे पथ्य न सांगण्यासारखेच. म्हणून आधी एक ठोकळ नियम दिला: ज्यात पाणी आहे ते संशयित, ज्यात पाणी नाही ते बहुधा चालेल. खोबरेल तेल, व्हॅसलिन, साबणाची वडी आणि भांड्यांचा बार यांना आयसोथायाझोलिनोनाची सहसा गरज नसते. लिक्विडच्या जागी बार आला, बाळासाठी धुतलेले मऊ सुती फडके आणि कोमट पाणी आले, क्रीम गेली. शाम्पूसाठी मात्र नियम पुरत नव्हता. तेथे यादी वाचणे आलेच, तेव्हा दोन्ही आयसोथायाझोलिनोनांची नावे इंग्रजीत, देवनागरीत आणि दुकानदारासाठी कन्नड लिपीत एका कार्डावर लिहून दिली. बदली म्हणून निवडलेल्या वस्तूत फॉर्मल्डिहाइड सोडणारे परिरक्षक, उदाहरणार्थ डीएमडीएम हायडँटोइन किंवा इमिडाझोलिडिनिल यूरिया, असू नयेत हेही पाहिले. त्यांची ॲलर्जी बाईंना आज नाही, पण भेगाळलेली त्वचा नवी ॲलर्जी लवकर पकडते. सौम्य म्हणून खपणाऱ्या बऱ्याच शाम्पूंत व फेसवॉशमध्ये कोकॅमिडोप्रोपिल बिटेन हा फेस आणणारा घटक असतो. त्यातल्या अशुद्धींची ॲलर्जी होऊ शकते, पण तशी काही खूण नसल्याने तो आम्ही आडवला नाही. सगळेच बंद करा असे सांगितलेले पथ्य महिनाभरही टिकत नाही.

रंगलेल्या भिंतींवर सोडियम बायसल्फाइटचे द्रावण फिरवून एमआय निकामी करता येते, असे उपाय परदेशात झालेले आहेत. बायसल्फाइट छातीला त्रास देऊ शकते आणि घरात तान्हे बाळ होते, म्हणून तो मार्ग सुचवला नाही. त्यांनी परड्याकडच्या न रंगवलेल्या खोलीत झोपावे, सोप्याच्या खिडक्या पाऊस नसेल तेव्हा उघड्या ठेवाव्यात, इतकेच सांगितले. सासूबाईंना सुनेने मागच्या खोलीत झोपणे रुचले नव्हते, तेव्हा कार्डाच्या मागे तेही लिहून द्यावे लागले.

दसऱ्याला त्या आल्या तेव्हा पापण्या निवळल्या होत्या आणि मानेवर काळपट छटा तेवढी उरली होती. बोटे सावकाश भरली, दिवाळी उलटून गेली तरी अंगठ्याची एक भेग तशीच होती. हाताचा इसब सर्वांत शेवटी बरा होतो, आणि दिवाळीच्या फराळाच्या भांड्यांचा ढीग त्याला अनुकूल नसतो. थंडीत एकदा केसांच्या कडेने पुन्हा खाज सुटली. चौकशी केली तर यादी वाचून निवडलेला शाम्पू तोच होता, नाव तेच, पुडी तीच, पण मागची यादी बदललेली होती आणि एमआय परत आला होता. तेव्हापासून मुलीने पुण्याहून फोनवर प्रत्येक नव्या पुडीचा फोटो मागवून वाचायचे ठरवले आहे.

पुढच्या गणपतीला रंगाचे काय, हे त्यांच्या यजमानांनी विचारले. चुन्याची सफेदी इतकी क्षारीय असते की तीत जंतू वाढत नाहीत, म्हणून तीत या परिरक्षकाची गरज नसते. फक्त ओला चुना डोळ्यात जाऊ द्यायचा नाही आणि तो लावायचे काम बाईंनी स्वतः करायचे नाही, असे त्यांना सांगितले आहे. मुलाचा हट्ट अजून कायम आहे, असे कळते.